विंडोज बदललं आणि लॅपटॉप तापायला लागला

प्रश्न: मी यावल तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवते. दाखले, सातबारा, पीकविमा, केवायसी अशी कामं असतात. लॅपटॉप पाच वर्षांचा आहे. आय-फाइव्ह, दहावी पिढी, ८ जीबी रॅम आणि एसएसडी. विंडोज १० ला आता अपडेट मिळणार नाहीत अशी सूचना सारखी यायची, म्हणून मार्चमध्ये विंडोज ११ करून घेतलं. तेव्हापासून पंखा दिवसभर ओरडतो. की-बोर्डच्या वरच्या पट्टीला हात लाववत नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमारास लॅपटॉप आपोआप बंद पडतो, अर्ज अर्धवट राहतो, लोक ताटकळत बसतात. दुकान पत्र्याचं आहे, कूलर आहे. भाव वाढेल म्हणून फेब्रुवारीपर्यंत कापूस याच खोलीत भरून ठेवला होता, आता खोली मोकळी आहे. भाचा म्हणतो, परत विंडोज १० टाकू. दुरुस्तीवाले म्हणाले, मदरबोर्ड जातोय, नवीन घ्या. काय करू?

उत्तर:

ताई,

नवीन लॅपटॉपचा विचार तूर्त बाजूला ठेवा. विंडोज १० वर परत जाण्याचाही. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून मला तरी मदरबोर्ड गेल्यासारखा वाटत नाही. सकाळी चालणारं आणि दुपारी दोन-तीनलाच बंद पडणारं यंत्र बहुतेक वेळा उष्णतेमुळे बंद पडत असतं. बोर्ड खरंच बिघडला असता तर त्याने घड्याळ पाहिलं नसतं. हे पडताळायचं असेल तर एक दिवस सकाळी सात ते नऊ, हवा गार असताना, दुपारी करता तेवढंच काम त्याच वेगाने करून बघा. त्या दोन तासांत एकदाही बंद पडला नाही, तर बोर्डावरचा संशय बराच कमी झाला म्हणायचं.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही जाता जाता लिहून गेलात. कापूस फेब्रुवारीपर्यंत त्याच खोलीत होता. आणि विंडोज बदललं मार्चमध्ये. म्हणजे कापसाच्या तंतूंनी भरलेला लॅपटॉप, नवीन विंडोजचा सुरुवातीचा जादा भार आणि आपला उन्हाळा, तिन्ही एकाच महिन्यात एकत्र आले. डोळ्यांना दिसलं ते फक्त विंडोज, म्हणून सगळा दोष त्याच्यावर गेला.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं तुमचं तुम्हाला जुळवता येईल. लॅपटॉपमध्ये हवा गार करणारं काही नसतं. प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी बसवलेली असते. ती उष्णता उचलते आणि कडेला असलेल्या पातळ पात्यांच्या जाळीपर्यंत नेते. नळी आणि जाळी मिळून जे बनतं त्याला हीटसिंक म्हणतात. पंखा खोलीतली हवा त्या जाळीतून ढकलतो आणि उष्णता बाहेर टाकतो. म्हणून प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही. खोलीच्या तापमानाच्या वर तो किती अंश राहील, एवढंच पंख्याच्या हातात असतं. समजा, २८ अंशांच्या खोलीत एखाद्या कामाला प्रोसेसर ७८ वर राहतो. तेच काम ४२ अंशांच्या खोलीत त्याला ९२ च्या आसपास नेणार. मधले १४ अंश ना विंडोजने वाढवले, ना मदरबोर्डने.

तुमच्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरची मर्यादा साधारण १०० अंश असते. तिच्या जवळ गेला की तो स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे सगळं अडखळत चालतं. त्याने भागलं नाही की जळण्याआधी यंत्र स्वतःला बंद करून घेतं. तुमचा अर्ज अर्धवट राहतो तो याच क्षणी. आणखी एक गोष्ट विकताना कोणी सांगत नाही. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात भोवतालची हवा ३५ अंशांपर्यंत असावी असं छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी काय असेल ते तुम्हीच जास्त जाणता. खानदेशात हे यंत्र वापरायचं तर हा फरक आपल्यालाच भरून काढावा लागतो.

उद्याच्या दुपारी लोक ताटकळू नयेत म्हणून आधी एक तात्पुरता उपाय. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात पॉवर अँड बॅटरी उघडा. तिथे पॉवर मोड दिसेल. तो ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर असेल तर ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर आणा. एवढ्यानं भागलं नाही तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड असं जात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटपर्यंत पोचा आणि ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण त्याने प्रोसेसरची उसळी घेण्याची सोयच बंद होते. उदाहरणार्थ, आय-फाइव्ह १०२१०यू हा प्रोसेसर एरवी ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत उसळतो. ९९ टक्क्यांवर तो आपल्या मूळच्या १.६ च्या आसपास राहतो. अर्ज भरायला, पीडीएफ काढायला तेवढा वेग पुरतो आणि तापमान चटकन उतरतं. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसतच नाही. तसं असेल तर पॉवर मोडवर थांबा. हा उपाय वेळ निभावण्यापुरता आहे. आतला कचरा त्याने निघत नाही.

आता खरं निदान. दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. उष्णता जास्त तयार होतेय का? की तयार होणारी उष्णता बाहेर जात नाहीये? विंडोजचा संबंध पहिल्याशी येतो. दुसऱ्याशी फार थोडा, कारण पंखा किती फिरवायचा हे बहुतेक लॅपटॉपमध्ये बोर्डावरची एक छोटी चिप आणि बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, ठरवतात.

लॅपटॉप चालू करून दहा मिनिटं काहीही उघडू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. उघडल्या उघडल्या आकडा उंच दिसतो, म्हणून दोन मिनिटं थांबा. मग वरच्या ‘सीपीयू’ या शब्दावर क्लिक करा, म्हणजे सगळ्यात जास्त खाणारं काम वर येईल. एकूण आकडा पाच-दहा टक्क्यांच्या आत असेल आणि तरीही पंखा ओरडत असेल, तर दोष उष्णता बाहेर जाण्याच्या वाटेत आहे. आकडा चाळीस, साठ, नव्वद असा अडकून राहिला असेल, तर कोणीतरी आत सतत राबतंय. एका गोष्टीने मात्र फसू नका. ‘डिटेल्स’च्या यादीत ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’समोर ९० किंवा ९५ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. प्रोसेसर तेवढा रिकामा बसलाय असा त्याचा अर्थ. तो बंद करण्याच्या नादात वेळ घालवू नका.

टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही. त्यासाठी ‘एचडब्ल्यूइन्फो’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. रिकामं असताना पन्नास-साठच्या आसपास आणि जोराच्या कामाला ऐंशी ते नव्वद, हे आपल्या उन्हाळ्यात चालून जाण्यासारखं आहे. काही न करता पंचाहत्तरच्या वर असेल तर आत काहीतरी कोंडलंय.

सीपीयूचा आकडा उंच निघाला तर वर कोणाचं नाव आहे ते बघा. विंडोज बदलल्यावर काही दिवस यंत्र आपल्या सगळ्या फायलींची नव्याने सूची करतं, सुरक्षेची तपासणी करतं, मागचे अपडेट उतरवतं. तेव्हा ‘सर्च इंडेक्सर’, ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’, ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर’ अशी नावं वर येतात. हे एरवी दोन-चार दिवसांत शांत होतं. पण तुम्ही संध्याकाळी झाकण लावून घरी जात असाल, तर ते काम कधी पुरंच होत नाही आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गिऱ्हाईक समोर असताना, पुन्हा सुरू होतं. म्हणून एक-दोन रात्री लॅपटॉप चार्जरवर, टेबलावर, झाकण उघडं ठेवून, स्लीप बंद करून चालू राहू द्या. नेट जोडलेलं असू द्या. वीज जाणार नाही अशी रात्र बघा आणि घरी नेऊन करता आलं तर उत्तमच. अपडेटच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत ‘ॲक्टिव्ह अवर्स’ तुमच्या दुकानाच्या वेळेनुसार लावून ठेवा, म्हणजे दुपारी मध्येच ते यंत्र रीस्टार्ट करणार नाही.

तुमच्या कामातले दोन संशयित मुद्दाम सांगते, कारण ते सर्वसाधारण सल्ल्यात येत नाहीत. पहिला म्हणजे अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते यंत्र आधार पडताळणीसाठी चालवणारं सॉफ्टवेअर. जुन्या विंडोजवर टाकलेली ती तशीच पुढे आलेली असते आणि नव्यावर अडखळली तर एकसारखी धडपडत राहते. तिचं नाव वर दिसलं तर ती पूर्ण काढा आणि यंत्राच्या कंपनीकडून विंडोज ११ ची नवी आवृत्ती घेऊन टाका. दुसरा म्हणजे प्रिंटर. अडकलेली एखादी प्रिंट ‘स्पूलर’ला, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, तासन् तास राबवू शकते. प्रिंटरची रांग उघडून जुन्या प्रिंटा रद्द करा.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची फायली ऑनलाइन ठेवण्याची सोय, तिच्याकडेही लक्ष द्या. विंडोज बदलताना ‘बॅकअप सुरू करायचा का’ असं विचारतात आणि घाईत आपण हो म्हणून जातो. मग डेस्कटॉपवरची प्रत्येक फाइल ऑनलाइन चढत राहते. प्रोसेसर आणि नेट दोन्ही त्यात खर्ची पडतात, आणि त्याहून मोठी गोष्ट, गावातल्या लोकांची आधार कार्डं, पासबुकं, फोटो तुमच्या खात्यात जमा होत राहतात. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत ते. गरज नसेल तर हा बॅकअप बंद करा, आणि काम झालेले स्कॅन वेळच्या वेळी पुसत जा. बंद करण्याआधी एवढं बघा, की तुमच्या स्वतःच्या लागणाऱ्या फायली लॅपटॉपवर आहेत, फक्त ऑनलाइन नाहीत.

‘डिफेंडर बंद करा, लॅपटॉप गार होईल’ असं सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. डिफेंडर म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस. तुमच्या यंत्रावर तसं अजिबात करू नका. ज्या लॅपटॉपवरून गावाचे बँक खाते क्रमांक आणि अंगठे जातात, त्याची राखण काढून घेणं म्हणजे लोकांच्या पैशाशी खेळणं आहे. तपासणी दुपारऐवजी रात्री होऊ द्या, एवढं पुरे.

टास्क मॅनेजरमध्ये ‘सिस्टीम इंटरप्ट्स’ हे नाव सतत वर राहिलं तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला यंत्राचे भाग चालवायला लागणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर, घ्यायचा. विंडोज बदलताना कधी कधी कंपनीचे ड्रायव्हर जाऊन त्यांच्या जागी सर्वसाधारण ड्रायव्हर बसतात. लॅपटॉपच्या तळाला सिरियल नंबर असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून चिपसेट, ग्राफिक्स आणि ‘इंटेल डायनॅमिक ट्यूनिंग’ हे तीन ड्रायव्हर विंडोज ११ साठीचे घ्या. शेवटचा मुख्यतः तापमान सांभाळण्यासाठीच असतो. बायोसचा अपडेट असेल तर तोही करा, पण बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला असतानाच, आणि भारनियमनाची वेळ टाळून. बायोस अर्धवट राहिला तर लॅपटॉप सुरूच होत नाही, मग मात्र खरंच बोर्डाचं काम निघतं. कंपनीच्या ॲपमध्ये पंख्याचे मोडही असतात. लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलमध्ये एफएन आणि क्यू, आसुसमध्ये एफएन आणि एफ दाबून ते बदलतात. विंडोज बदलताना चुकून जोराचा मोड लागला नाही ना, एवढं पाहून घ्या.

आता पंख्याकडे. लॅपटॉप ओरडत असताना ज्या फटीतून हवा बाहेर येते तिथे तळहात धरा. आवाज मोठा आणि झोतही जोरदार, गरम असेल, तर वाट मोकळी आहे आणि आत उष्णता जास्त तयार होतेय. आवाज मोठा पण झोत जेमतेम लागत असेल, तर जाळी बुजलेली आहे. आवाजच नाही आणि झोतही नाही, तर पंखा बंद पडलाय. खरखर, घासल्यासारखा आवाज येत असेल, तर पंख्याचं बेअरिंग गेलंय आणि नुसता पंखा बदलून काम भागेल.

पंखा विंडोजशिवाय तपासण्याचीही सोय आहे. एचपीचा लॅपटॉप चालू करताना एस्केप आणि मग एफ-टू, डेलचा असेल तर एफ-ट्वेल्व्ह दाबून डायग्नोस्टिक्स निवडा. विंडोज उघडण्याच्या आधीच हार्डवेअरची तपासणी होते. दुसऱ्या कंपनीचा असेल तर बायोसच्या पडद्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसता ठेवून बघा. तिथे प्रोसेसरला पूर्ण विश्रांती मिळत नाही, त्यामुळे थोडा गरम होणारच. पण तिथेही पंखा जिवाच्या आकांताने ओरडत असेल, तर विंडोजला दोष देता येणार नाही, कारण ते सुरूच झालेलं नाही.

माझा अंदाज आहे की तळहाताला तुम्हाला जेमतेम झोत लागेल. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर भुसा बसला की इंजिन कसं तापतं, ते तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असेल. इथे अगदी तेच होतं, फक्त जागा दिसत नाही. पंखा आणि पात्यांची जाळी यांच्या मधोमध हा थर बसतो. नुसती धूळ असती तर थोडीफार उडून गेली असती. कापसाचे तंतू मात्र एकमेकांत अडकतात, त्यांच्यावर धूळ बसते, आणि महिन्याभरात तिथे नमद्यासारखी घट्ट पट्टी तयार होते. पंखा कितीही फिरला तरी हवा तिच्यातून पलीकडे जात नाही. बाहेरून पाहिलं तर फट स्वच्छ दिसते, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याच्याही लक्षात येईलच असं नाही.

म्हणून बाहेरून ब्लोअर मारून उपयोग नाही. उलट दिशेने मारला तर पट्टीचे तुकडे पंख्यात जाऊन बसतात. आणि ब्लोअरच्या जोराने पंखा त्याच्या क्षमतेपेक्षा वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. लॅपटॉप खालून उघडायला हवा, पंखा जाळीपासून वेगळा करायला हवा आणि पट्टी चिमट्याने उचलून काढायला हवी. उरलेलं मऊ ब्रशने झाडायचं आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं.

एवढं उघडलंच आहे तर प्रोसेसरवरची पेस्टही बदलून घ्या. तांब्याची नळी आणि प्रोसेसर यांच्यामधली ही पेस्ट पाच वर्षांत वाळते, आणि वाळली की उष्णता नळीत नीट उतरत नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी पातळ थराने लावायची, आणि नळीचे स्क्रू त्यांच्या शेजारी कोरलेल्या क्रमानेच, थोडे थोडे करत आवळायचे. हे तुम्ही स्वतः करावं असं मी म्हणणार नाही. यंत्रावर तुमचा चरितार्थ आहे आणि सवयीचा हात असलेला माणूस हे तासाभरात करतो. भाच्याला उघडायची हौस असेल तर त्याने साफसफाईपर्यंत थांबावं. झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची पिन काढावी आणि कोणता स्क्रू कुठला हे कागदावर मांडून ठेवावं, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा भुसावळला हे काम करणारे मिळतील. दुकानात गेल्यावर ‘लॅपटॉप तापतो, बघा’ एवढंच म्हणू नका. असं म्हणा: ‘पंखा आणि हीटसिंक बाहेर काढून जाळी साफ करायची आहे, पेस्ट बदलायची आहे, आणि निघालेला कचरा मला बघायचा आहे.’ नेमकं काम सांगितलं की नेमकाच दर मिळतो, आणि हा खर्च नव्या लॅपटॉपच्या जवळपासही जात नाही. काम समोर बसून करून घ्या. लोकांची कागदपत्रं असलेला लॅपटॉप रात्रभर दुकानात ठेवू नका आणि पासवर्डही सांगू नका. या कामाला पासवर्ड लागत नाही.

पुढच्या हंगामात कापूस पुन्हा याच खोलीत भरायचा असेल तर लॅपटॉप तेवढे महिने दुसऱ्या खोलीत हलवा. जागाच नसेल, तर कापूस विकून खोली झाडल्यावर, उन्हाळा चढायच्या आत, ही साफसफाई दरवर्षी करून घ्या. खोली झाडताना लॅपटॉप बंद करून कापडात गुंडाळून ठेवायचा. सगळ्यात जास्त तंतू त्याच दिवशी उडतात.

कूलर आहे हे चांगलं आहे. आपल्या कोरड्या हवेत तो खोली चांगली आठ-दहा अंशांनी उतरवू शकतो आणि ते सगळे अंश प्रोसेसरच्या तापमानातूनही वजा होतात. फक्त त्याचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नका. बोअरचं पाणी क्षारांचं असतं. त्याचे बारीक तुषार आत गेले की बोर्डावर पांढरट डाग धरतात आणि जोड गंजतात. कूलर तुमच्या आणि लोकांच्या अंगावर येऊ द्या, लॅपटॉप झोताच्या बाजूला ठेवा, आणि समोरची खिडकी उघडी असू द्या, नाहीतर खोलीत दमटपणा कोंडतो आणि कूलरचा उपयोगही निम्मा होतो. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारता आला किंवा रोपवाटिकेला लावतात ती हिरवी शेडनेट पत्र्यापासून हातभर उंच बांधता आली, तर दुपारचा तडाखा बराच कमी होईल. टेबल पश्चिमेच्या भिंतीपासून दूर हलवा. लॅपटॉपखाली टेबलक्लॉथ, रजिस्टर, फाइल काही नको. बहुतेक लॅपटॉप तळातून हवा ओढतात, म्हणून मागच्या दोन कोपऱ्यांखाली बोटभर जाडीचे लाकडी तुकडे ठेवा. पंख्यांचं पॅड विकत घ्यायची घाई नको. जाळी बुजलेली असताना त्याने फरक पडत नाही.

भाच्याचं म्हणणंही मी सोडून देत नाही. एखाद्या यंत्राला नवीन विंडोज झेपत नाही, असं होतं. पण तुमच्या प्रोसेसरला विंडोज ११ चालतं आणि ८ जीबी रॅम तुमच्या कामाला पुरते. सेटिंग्जमधून मागे जायची सोय पहिले दहा दिवसच असते, ती मुदत केव्हाच संपली. आता परत जायचं म्हणजे सगळं पुसून नव्याने टाकणं. आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर, सगळं पुन्हा. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा नाव नोंदवून घेता येते, पण ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. आणि जाळीतली पट्टी विंडोज १० मध्येही तिथेच राहील.

बॅटरी मात्र आजच बघून घ्या, साफसफाईची वाट न पाहता. इतके आठवडे तापलेली पाच वर्षांची बॅटरी फुगू शकते. टचपॅड वर उचललाय का, त्याचं क्लिक कडक झालंय का, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो का, हे तपासा. यातलं काहीही दिसलं तर चार्जिंग ताबडतोब थांबवा, बॅटरी दाबायचा किंवा टोचायचा प्रयत्न करू नका, आणि ती बदलेपर्यंत लॅपटॉप वापरू नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, आणि दुकानात कागदाचे गठ्ठे असतात. बॅटरी ठीक असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय शोधा. दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्यांनी ती लावलीच पाहिजे.

भाच्याला एक काम द्या. दोन दिवस सकाळी आठला आणि दुपारी तीनला, रिकाम्या लॅपटॉपवर, सीपीयूची टक्केवारी, प्रोसेसरचं तापमान आणि खोलीचं तापमान वहीत लिहायला सांगा. खोलीसाठी साधा भिंतीवरचा तापमापक चालेल. साफसफाईनंतर पुन्हा दोन दिवस हेच लिहायचं. जाळी मोकळी झाल्यावरही दुपारचा आकडा खाली आला नाही, तर ती वही आणि टास्क मॅनेजरचा फोटो मला पाठवा. फोटोत कोणाचा अर्ज उघडा दिसणार नाही एवढं बघा.